दोन बटणं

फरीदाबादच्या सेक्टर सोळामध्ये टिपणीसांच्या घराला गॅरेज होतं, पण गाडी कायम बाहेर कडुनिंबाखाली उभी असायची. गॅरेजमध्ये अरुणाबाईंचा छपाईचा प्रेस होता. दोन जाड लोखंडी रूळ, त्यांच्यामधून सरकणारा पत्रा आणि बाजूला फिरवायचं मोठं चाक. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर अरुणाबाईंनी फंडाच्या पैशांतून पहिली वस्तू घेतली ती ही. तयार प्रेस परवडत नव्हता, म्हणून गावातल्याच एका लेथच्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतला. बनवणारा कारागीर कोल्हापूरकडचा निघाला. बळवंत चौगुले त्याचं नाव.

"असलं मशीन मी कधी बघितलं न्हाई बाई," तो म्हणाला होता, "पर ड्रॉइंग दाखवा, बनवतो."

दोन महिन्यांत त्याने असा प्रेस उभा केला की दिल्लीचे चित्रकार आपल्या प्लेटा घेऊन फरीदाबादला छापायला येऊ लागले.

त्यानंतर नऊ वर्षांनी तोच बळवंत अरुणाबाईंच्या मुलीकडे पेशंट म्हणून आला. सुनीती फिजिओथेरपिस्ट होती. कारखान्यात हात चिरडलेल्या कामगारांसाठी तिने संजय कॉलनीत दोन खोल्यांचं केंद्र काढलं होतं. उरलेल्या बोटांना पेला धरायला, कुलूप उघडायला, शर्टाची बटणं लावायला शिकवायचं, हे तिचं काम. फी कुणाकडूनच घेत नसे. लेथचं वर्कशॉप बंद पडल्यावर बळवंत एका ठेकेदाराकडून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, लागला होता. सातव्या महिन्यात प्रेस उजव्या हातावर आला. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

त्याच वर्षी केंद्राला मिळणारी देणगी बंद झाली. देणारे गृहस्थ मुलाकडे कॅनडाला निघून गेले. सुनीतीने दोन महिने आपल्या सकाळच्या नोकरीच्या पगारातून भाडं भरलं, आणि मग एका रविवारी जेवताना म्हणाली, "आई, डिसेंबरनंतर बंद करावं लागेल बहुतेक."

अरुणाबाईंनी जेवण पूर्ण केलं, हात धुतले आणि गॅरेजमध्ये जाऊन फोन लावायला बसल्या. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी जे ठरवलं ते असं: दिल्ली, नोएडा, फरीदाबादचे बारा चित्रकार. प्रत्येकाने एकेक प्लेट करायची. छपाई सगळी या गॅरेजमध्ये. प्रत्येक चित्राच्या पंचवीसच प्रती, म्हणजे बारा चित्रांचे पंचवीस संच. कापडी वेष्टणाच्या पेटीत संच घालून विकायचा आणि येईल ते सगळं केंद्राला द्यायचं. संच फोडून सुटं चित्र विकायचं नाही, ही एकच अट.

"या वयात?" त्यांचे यजमान विश्वासराव म्हणाले. ते केंद्र सरकारच्या भूजल खात्यातून निवृत्त झाले होते आणि बायकोने आता जरा स्वस्थ बसावं असं त्यांना फार वाटे. "तीनशे छाप काढायचे म्हणजे खांदा राहील का जागेवर?"

"चाक फिरवायला माणूस बघितलाय मी," अरुणाबाई म्हणाल्या.

तो माणूस म्हणजे बळवंत. हात अधू झाला होता, पण प्रेसचा एकेक नट त्याला पाठ होता. डाव्या हाताने आणि उजव्या तळव्याने तो चाक फिरवी. कागद भिजवणं, प्लेटवरची जास्तीची शाई पुसणं हे पंधरा दिवसांत शिकला. अकरा जणांनी होकार दिला. त्यांत भालचंद्र रिसबूड हे मोठं नाव होतं. त्यांच्या नावावर संच विकला जाईल असं सगळेच म्हणत होते. बाराव्या चित्रासाठी अरुणाबाईंनी कुणाला फोन केलाच नाही.

"बारावं तुम्ही करा," त्या बळवंतला म्हणाल्या.

"मी? मला कुठं चित्र येतंय, बाई?"

"ड्रॉइंग येतं की."

"मशीनचं येतं."

"मग मशीनचं काढा."

त्यांनी त्याला जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर दिला, सुई हातात दिली आणि सांगितलं, की सुईने मेण खरवडायचं. पत्रा अ‍ॅसिडमध्ये टाकला की उघड्या रेषा खोल होतात. त्यांत शाई भरून कागद दाबायचा. बळवंत डाव्या हाताने काढायला बसला. आठ दिवस कुणाला बघू दिलं नाही. पहिला छाप निघाला तेव्हा त्याने कागद उचलला, बघितला आणि प्लेट उचलून थेट भंगाराच्या डब्यात टाकली.

"अहो, काय करता?"

"उलटं आलं. बांधलेलं बटण उजव्या बाजूला होतं. हितं डावीकडं आलंय."

"चित्र म्हणून काही फरक पडत नाही, बळवंत."

"मला पडतोय."

त्याने सगळं पुन्हा काढलं, या वेळी उलटा विचार करून. आणखी दहा दिवस गेले. नवा छाप अरुणाबाईंनी दिव्याखाली धरला. कागदावर एका मशीनची कडा होती आणि तिच्यावर दोन गोल बटणं. एवढंच. डावं बटण मोकळं होतं. उजव्या बटणावर लाकडाची ढलपी ठेवून ती सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळलेली होती. पट्टीवर पंक्चर काढल्याचं ठिगळसुद्धा होतं. एकेक रेघ कारखान्याच्या ड्रॉइंगसारखी स्वच्छ.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येतो, बाई. म्हंजे हात मध्ये सापडू नये. आता एक बटण असं कायम दाबून बांधलं, की एका हातानं काम होतं. दुसरा हात माल लावायला मोकळा. तासाला पन्नास नग जास्त निघतात."

"आणि तो मोकळा हात..."

"मोकळा हात मध्ये जातो की."

अरुणाबाईंनी छाप वाळायला ठेवला. मग म्हणाल्या, "पंचवीस काढा याचे."

पेट्या तयार व्हायला लागल्या तेव्हा शशिकांत मोकाशी बघायला आले. विश्वासरावांची आणि त्यांची जुनी ओळख; मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दोघांनी एकत्र नाटकं केली होती. आता शशिकांत गुरुग्राममध्ये एका मोठ्या कंपनीच्या धर्मादाय फाउंडेशनचे प्रमुख होते. कंपनी गाड्यांचे भाग बनवायची. पंचवीसपैकी पंधरा संच घ्यायचे आणि आपल्या टॉवरच्या लॉबीत प्रदर्शन भरवायचं, असं फाउंडेशनने कबूल केलं होतं. तेवढ्यावर केंद्राचं वर्ष निघणार होतं.

शशिकांत एकेक चित्र उचलून "वा, बढिया," म्हणत होते. बाराव्यापाशी थांबले.

"हे काय, वहिनी? स्विचबोर्ड?"

बळवंत कोपऱ्यात प्लेट पुसत होता. त्याने अरुणाबाईंना सांगितलं होतं तसंच त्यांनाही सांगितलं, पाच-सहा वाक्यांत. शशिकांतांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अच्छा. हे जरा टेक्निकल होतंय नाही का?" ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "वहिनी, असं करा ना. यांच्या हाताचा ठसा घ्या. शाई लावायची, कागदावर दाबायचा. एक अंगठा, एक करंगळी, मध्ये रिकामी जागा. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. सांगतो तुम्हाला, सगळे संच एका दिवसात जातील."

"हात न्हाई देणार," बळवंत म्हणाला.

"अहो, तुमच्याच लोकांच्या भल्यासाठी—"

"एकदा दिलाय, साहेब. परत परत कशाला देऊ?" त्याचा आवाज चढला नव्हता. प्लेट पुसणंही थांबलं नव्हतं. "हात बघून लोक म्हणतील, बिचारा. बटण बघितल्यावर इचारतील, हे कुणी बांधलं? मला दुसरं पायजे."

शशिकांत अरुणाबाईंकडे वळले. "वहिनी, हे चित्र मी आमच्या चेअरमनसमोर ठेवू शकत नाही. आमच्याकडे असले प्रकार बिल्कुल होत नाहीत, पण—"

"होत नाहीत ना? मग अडचण काय आहे?"

शशिकांतांनी चित्र पेटीत परत ठेवलं. चहा न घेताच ते गेले. जाताना नमुन्याचा एक संच घेऊन गेले. "वरती बोलून बघतो," म्हणाले.

तीन दिवसांनी मेल आली. अकरा चित्रं फाउंडेशनच्या धोरणात बसत होती. बारावं "सन्मानपूर्वक बाजूला ठेवावं", अशी विनंती होती. तसं केलं तर पंधराऐवजी अठरा संच घेण्याची तयारी होती.

त्या संध्याकाळी सुनीती केंद्रातून थेट आईकडे आली. बळवंत तेव्हा गॅरेजमध्येच होता.

"आई, काढून टाक ना यार ते," ती म्हणाली. "एका चित्राचा प्रश्न आहे."

"पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलंय मी, संच फुटणार नाही."

"तू तुझ्या तत्त्वाचं बोलतेयस. मी पेशंटचं बोलतेय. एक्केचाळीस जण येतात माझ्याकडे. सहा महिने व्यायाम केला तर हात चालतो, नाही तर लाकूड होतो कायमचा. त्यांना काय सांगू? आईला एक चित्र फार आवडलं म्हणून केंद्र बंद झालं?" मग ती बळवंतकडे वळली. "बळवंतदादा, तुम्ही तरी सांगा. तुम्हाला स्वतःला गरज होती ना केंद्राची?"

"होती, ताई. तुमच्यामुळं हातात पेला धरतो मी, ते इसरत न्हाई."

"मग?"

बळवंतने हातातलं फडकं खाली ठेवलं. "त्या एक्केचाळिसांतल्या किती जणांचं बटण बांधलेलं होतं, ते इचारलंय का तुम्ही?"

सुनीतीने विचारलं नव्हतं. ती पर्स उचलून निघून गेली. अरुणाबाईंना वाटलं, रागावली. पण दुसऱ्या दिवसापासून तिने केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायला सुरुवात केली. जखमेचा, औषधाचा, दुखतंय का याचा नाही, मशीनचा. कुणी आधी इकडेतिकडे बघे, कुणी आवाज खाली आणे. एका पोराने तर आधी उठून दार लावलं. कुणाचं बटण टेपने बांधलेलं होतं, कुणाचं सुतळीने. दोन ठिकाणी वायरच काढून पायाने दाबायचं पॅडल बसवलेलं होतं. चार दिवसांनी सुनीती कागद घेऊन आली आणि विश्वासरावांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"सव्वीस," ती म्हणाली. "एक्केचाळीसपैकी सव्वीस, बाबा. आणि त्यांच्या हॉस्पिटलच्या कागदांवर काय लिहिलंय माहितीये? कामगाराचा निष्काळजीपणा. मी तेच माझ्या फाइलला उतरवून घेत होते. तीन वर्षं. मी फक्त बोटांकडे बघत बसले."

विश्वासरावांनी कागद वाचला. "मग आता?"

"आता काय, आई म्हणते तेच. बारा म्हणजे बारा."

पण बारा राहिली नाहीत. अरुणाबाईंनी सगळ्या चित्रकारांना फोन करून झालं ते सांगितलं. बहुतेकांनी एका वाक्यात सांगितलं, बारावं काढू नका. नोएडाची एक मुलगी म्हणाली, माझं चित्र त्याच्या शेजारी लावा. एकाने विचार करायला एक दिवस मागितला आणि दुसऱ्या दिवशी हो म्हटलं. भालचंद्र रिसबूडांनी मात्र नाव काढून घेतलं.

"अरुणा, माझ्या गॅलरीची निम्मी गिऱ्हाइकं याच कंपन्यांतली आहेत," ते म्हणाले. "आणि खरं सांगू? तुझ्या त्या मेकॅनिकचं चित्र चित्र नाहीये. आकृती आहे."

"सर, मी तुमच्याकडेच शिकले, की रेघ खोटी नसावी म्हणून."

"भाषण देऊ नकोस मला."

"नाही देत. तुमचे छाप उद्या पाठवून देते."

अरुणाबाईंनी फोन ठेवला. रिसबूड त्यांचे गुरू होते. चाळीस वर्षांत त्यांना उलट बोलण्याची ही पहिलीच वेळ. पण त्या उठल्या, प्रत्येक पेटीतून रिसबूडांचं चित्र काढलं आणि चित्रकारांच्या यादीच्या पानावरचं त्यांचं नाव पट्टी लावून खोडलं. चोवीस पानांवर, चोवीस वेळा.

"शशिकांतला अकराच हवी होती ना," त्या विश्वासरावांना म्हणाल्या. "घ्या, अकरा झाली."

राहिला होता नमुन्याचा संच. तुमची अट मान्य नाही, तो परत पाठवा असं दोनदा लिहूनही उत्तर आलं नाही. तेव्हा अरुणाबाईंनी ठरवलं, आपणच जाऊन आणायचा. त्या आणि बळवंत मेट्रोने निघणार होते. सकाळी दाराशी येऊन बघतात तर विश्वासराव कडुनिंबाखाली गाडीची काच पुसत उभे.

"तुम्ही कुठे?"

"मेट्रोत पेटी कुणाच्या डोक्यावर ठेवणार? बसा."

गुरुग्रामच्या त्या टॉवरची लॉबी क्रिकेटच्या पिचइतकी लांब होती. आत शिरल्यावर तिघंही थबकले. भिंतीवर त्यांचीच चित्रं होती. नमुन्याचा संच फोडून अकरा चित्रं फ्रेम करून टांगली होती. खाली पितळी पाटी, तीवर फाउंडेशनचं नाव. रिसेप्शनवरच्या मुलीने आत फोन केला आणि एक खाकी पाकीट आणून दिलं. पाकिटात घडी घातलेलं बारावं चित्र होतं. घडी बरोबर दोन बटणांच्या मधून गेली होती.

अरुणाबाईंनी घडी उलगडून बघितली. मग म्हणाल्या, "बळवंत, स्क्रूड्रायव्हर आहे?"

तो त्याच्या खिशात कायम असे. त्याने पहिली फ्रेम भिंतीवरून उतरवली, सोफ्यावर पालथी घातली आणि डाव्या हाताने स्क्रू काढायला लागला. स्क्रू तो अंगठा आणि करंगळीच्या मध्ये धरून बाजूला ठेवत होता. सिक्युरिटीचा माणूस धावत आला. "ओ भाईसाब, ये क्या कर रहे हो?"

"अपना सामान ले जा रहे हैं," अरुणाबाई म्हणाल्या आणि दुसरी फ्रेम उतरवली.

शशिकांत लिफ्टमधून जवळजवळ पळतच बाहेर आले. लॉबीतली माणसं थांबून बघत होती. कुणाच्या हातात कॉफीचे कप, कुणाच्या गळ्यात कार्डं.

"वहिनी, प्लीज, इथे सीन नको."

"सीन कसला? पॅकिंग चाललंय."

"विश्वास, अरे तू तरी सांग—"

विश्वासराव उतरवलेल्या चित्रांमध्ये पातळ कागद घालत होते. "शशिकांत, तू ते खालचं टोक धर जरा," ते म्हणाले. "चुरगळेल."

शशिकांतांनी नकळत टोक धरलं, आणि मग लक्षात आल्यावर सोडून दिलं. "संच आम्ही विकत घेणार होतो. प्रेमानेच लावली ना चित्रं?"

"अकरा लावलीत. आणि एकाची घडी घातलीत," अरुणाबाई म्हणाल्या. "त्याचं चित्र तुम्हाला नको, मग आमच्यातलं कुणाचंच तुम्हाला मिळणार नाही. पैशाचं म्हणाल तर आम्ही पाहून घेऊ."

दहा फ्रेमा रिकाम्या झाल्या. अकराव्याकडे बळवंतने हात नेला तेव्हा अरुणाबाईंनी थांबवलं. "ते रिसबूड सरांचं. ते असू द्या."

त्या लांब भिंतीवर ते एकटंच राहिलं. पेटी मागच्या सीटवर ठेवून ते निघाले. मेहरौलीच्या सिग्नलला विश्वासराव एकदम म्हणाले, "तीस वर्षं फायलींवर सह्या केल्या. असं कधी केलं नाही बुवा," आणि हसायला लागले. मग बळवंतही हसला. अरुणाबाई हसल्या नाहीत. पंधरा संच हातचे गेले होते आणि डिसेंबर दीड महिन्यावर होता, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

प्रदर्शन शेवटी केंद्रातच भरलं. दोन खोल्यांत सुतळ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रं लावली. जागा पुरली नाही म्हणून बारावं, म्हणजे आता अकरावं, बाहेर गल्लीत, खिडकीच्या गजांना बांधलेल्या फळीवर गेलं. सुनीतीने पेशंटना सांगितलं, पेशंटनी आपापल्या कारखान्याच्या शेडमध्ये सांगितलं. रविवारी सकाळी दिल्लीहून मराठी मंडळाची दहा-बारा माणसं आली, अरुणाबाईंच्या शाळेतले शिक्षक आले, कामगार कोर्टातले एक वकील आले. दुपारपर्यंत पाच संच गेले. आणि गल्लीत कामगारांची गर्दी वाढत गेली. आतल्या झाडांच्या, पक्ष्यांच्या, जुन्या दिल्लीच्या चित्रांपुढून ते अदबीने जात आणि बाहेर येऊन दोन बटणांपुढे थांबत. तिथे ते बोलायला लागत. "हमारे यहाँ टेप लगाते हैं," एक म्हणे. "हमारे चार नंबर पर तो ईंट रखी है," दुसरा म्हणे.

तीनच्या सुमारास मोटरसायकलवरून एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. गर्दी आपोआप बाजूला झाली. बळवंतने त्याला लांबूनच ओळखलं. त्याच्याच जुन्या शेडचा सुपरवायझर होता तो.

सुपरवायझरने चित्र बघितलं. मग बळवंतकडे बघितलं. "ये क्या लगा रखा है? कंपनी को बदनाम करोगे? केस हो जाएगा तुम पर, समझे? उतारो इसे।"

सुनीती दारातून पुढे आली. अरुणाबाईंनी तिचा दंड धरला.

बळवंत फळीजवळ गेला. चित्राच्या चारी कोपऱ्यांवरून त्याने उरलेली करंगळी हळू फिरवली, काही शोधत असल्यासारखं.

"साहब, इसमें कंपनी का नाम कहाँ लिखा है?"

सुपरवायझर पुढे वाकून बघायला लागला.

"शहर का नाम? मशीन का नंबर? कुछ भी?" बळवंतने त्याच्याकडे वळून बघितलं. "तो फिर आपने पहचाना कैसे?"

गल्लीत कुणी तरी खाकरलं. मागून एक जण हसला, मग दुसरा. सुपरवायझरचा हात चित्राच्या दिशेने उचलला गेला, पण तेवढ्यात चाळीस-पन्नास माणसं, कुणी न सांगता, एकेक पाऊल पुढे सरकली होती. त्यांतल्या कित्येकांचे हात अर्धे होते. त्याने हात खाली घेतला, मोटरसायकलला किक मारली आणि गेला.

"आता चहा सांगा कुणी तरी," अरुणाबाई म्हणाल्या. त्या दाराच्या पायरीवर बसल्या.

पंचवीसपैकी नऊ संच विकले गेले. दहावा वकीलसाहेबांनी हप्त्याने घेतला. केंद्राचं वर्ष निघालं नाही, पाच महिने निघाले. एक खोली सोडून द्यावी लागली. कंपनीकडून केस झाली नाही. बळवंतला मात्र त्या भागात कुठेच काम मिळेना, तेव्हा अरुणाबाईंनी इतर चित्रकारांची छपाईची कामं मिळवून त्याला दिली. त्याच्या शेडमध्ये आठवडाभर ट्यूबची पट्टी काढलेली होती, मग पुन्हा बांधली, असं कळलं. पण सुनीतीच्या केसपेपरवर आता जखमेच्या रकान्याआधी मशीनचा रकाना होता आणि वकीलसाहेब दर गुरुवारी येऊन ते कागद वाचत बसत. त्यांनी पहिले सहा दावे लावले. पहिला बळवंतचा.

गल्लीतल्या माणसांना ते चित्र हवं होतं. एक ते पंचवीस नंबर घातलेली प्रत संचातून सुटी देता येत नव्हती. म्हणून बळवंतने तेच चित्र रबराच्या जाड तुकड्यावर नव्याने कोरलं आणि साध्या स्वस्त कागदावर छापून दिलं.

"यावर नंबर घालायचा नाही," अरुणाबाई म्हणाल्या. "कितीही काढा."

शेडच्या भिंतींवर, हजेरी घेणाऱ्या टाइम ऑफिसच्या मागे, शौचालयाच्या दारांवर ती पानं दिसायला लागली. फाडली की पुन्हा लागत.

फेब्रुवारीत एका दुपारी सुनीती एका बाईला घेऊन गॅरेजमध्ये आली. चंद्रप्रभा नाव. वय पस्तिशीचं, डोक्यावरून पदर, डाव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज. ती दारातच उभी राहून भिंतीवरच्या छापांकडे बघत होती.

"आओ, बैठो," अरुणाबाई म्हणाल्या.

ती बसली नाही. बळवंतच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, "हमारी मशीन ऐसी नहीं थी. हमारी में बटन ही नहीं था. ऊपर जाली होती है, वो निकाल के कोने में रख दी थी." मग तिने कमरेला खोचलेला कागद काढला. बांधकामाच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेली आकृती होती. माप चुकलेलं, रेघा वाकड्या. पण जाळी कुठे होती आणि कोपरा कुठे होता ते स्पष्ट कळत होतं.

बळवंतने कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला.

"जाली में कितने तार थे?" त्याने विचारलं.

"ग्यारह," ती लगेच म्हणाली.

अरुणाबाईंनी कपाटातून जस्ताचा नवा पत्रा काढला.